निवडणुकीचं ‘तिकीट’ खरंच कागदाचं होतं तेव्हा

ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर.

‘अमक्याला तिकीट मिळालं’, ‘तमक्याचं तिकीट कापलं’ हे आपण दर निवडणुकीत ऐकतो. पण हे तिकीट दिसतं कसं? राजकारणातला हा शब्द अमेरिकेत रुळला आणि तिथे एकोणिसाव्या शतकात तिकीट म्हणजे हातात धरता येणारा कागद होता. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि हौस म्हणून असे जुने अमेरिकन प्रचाराचे कागद जमवतो. हँडबिलं, पोस्टरं असतातच, पण माझा जीव तिकिटांवर.

आपल्याकडे कार्यकर्ते घरी मतदाराची स्लिप आणून देतात. ती फक्त माहिती असते. तिथे पक्षाने छापलेला कागद म्हणजेच मत! वर पक्षाचं नाव, खाली उमेदवारांची यादी. मतदाराने तो घ्यायचा आणि पेटीत टाकायचा. सरकारी मतपत्रिका नव्हतीच.

आता यातली गोम बघा. पक्ष मुद्दाम रंगीत किंवा ठळक नक्षीची तिकिटं छापायचे. मग पेटीजवळ उभा असलेला मुकादम लांबूनच ओळखायचा की आपल्या कामगाराने कुणाला मत दिलं. नोकरी टिकवायची की मनासारखं मत द्यायचं, हा प्रश्न त्या रंगात होता. आणि ज्या पक्षाची तिकिटं गावात वाटलीच नाहीत, त्याला मत देणंच अवघड. १८६० मध्ये दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत लिंकनची तिकिटं मिळतच नव्हती.

यावर लोकांनी जुगाडही केला. नको असलेल्या नावावर दुसऱ्या नावाची डिंक लावलेली पट्टी चिकटवायची. अशी पट्टी असलेलं तिकीट मिळालं तर मी जास्त खूश होतो, कारण तिथे मतदाराचं स्वतःचं डोकं दिसतं.

१८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ऑस्ट्रेलियन पद्धतीची गुप्त, सरकारी मतपत्रिका स्वीकारली. पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्यांनी तोच रस्ता धरला आणि पक्षाच्या तिकिटांचा जमाना संपला. शब्द तेवढा उरला.

तुम्हाला जमवायचं असेल तर घाई नको. नकली माल भरपूर आहे. मी तीन गोष्टी तपासतो.

एक, भिंग. फोटोसारखं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं दिसलं तर ती हाफटोन छपाई. ती १८८० च्या दशकानंतर रुळली. मग १८६० चा कागद कसा असेल?

दोन, यूव्ही टॉर्च. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि ते साधारण १९५० नंतरच्या कागदात असतं. चमकला नाही म्हणून जुनाच, असं मात्र समजू नका.

तीन, इतिहास. १८६० च्या प्रचारात लिंकनला दाढी नव्हती. ग्रेस बेडेल या ११ वर्षांच्या मुलीने ऑक्टोबरमध्ये पत्र लिहून दाढी वाढवायला सुचवलं, त्यानंतर त्याने ती वाढवली. म्हणून ‘१८६० चं प्रचारपत्रक’ सांगून कुणी दाढीवाला लिंकन विकत असेल तर सावध!

अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार राजकीय वस्तूंच्या नकलेवर ती बनवल्याचं वर्ष छापावं लागतं. म्हणून आधी मागची बाजू आणि कोपरे बघा.

हाती आलेला कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर नकोच. पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात, उन्हापासून लांब ठेवा.

आणि खिसा रिकामा असेल तरी चालेल. लायब्ररी ऑफ काँग्रेसने असे हजारो छापील कागद ऑनलाइन ठेवलेत. फोनवर फुकट बघता येतात, मनसोक्त झूम करा.

पुढच्या वेळी टीव्हीवर ‘तिकीट वाटप’ ऐकाल, तेव्हा आठवा, एके काळी ते रस्त्यावर खरंच वाटायचे. आज तुमचं मत कुणाला दिसत नाही, ही सोय फुकट मिळालेली नाही.