राजा, राणी आणि पेटीचा सूर

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की कुडाळ तालुक्यातल्या वालावल-नेरूर पट्ट्यात पहिला प्रश्न ठरलेला: ‘आज नाटक कोणाचा?’ उत्तरात कंपनीचं नाव येतं. कलेश्वर, पार्सेकर, मोचेमाडकर, आरोलकर, खानोलकर. दशावताराचा प्रेक्षक आधी कंपनी पाहतो, मग आख्यान.

गायक आणि नट अशी दुहेरी कारकीर्द करणाऱ्या परदेशी कलावंतांचं आपल्याला केवढं अप्रूप! दशावतारी नटाला तर हे दोन्ही रोज रात्री करायचं असतं, शिवाय संवादही स्वतःच रचायचे. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, लिखित संहिता हातात नसते. आपल्या पेटाऱ्यापुढे मांडी घालून, हातातल्या आरशात बघत नट स्वतःच तोंड रंगवतो, काजळ घालतो, मुकुट बांधतो. मग बाकड्यावर येऊन बसला की तो राजा. बोलता बोलता तो पद उचलतो, तेव्हा पेटीवाल्याने सूर ओळखून लगेच साथ धरायची, पखवाज आणि झांज मागोमाग. समोरच्या राणीने अनपेक्षित सवाल टाकला, तर उत्तर तिथल्या तिथे पुराणातून काढावं लागतं. म्हणून जुनेजाणते नट पांडवप्रताप, हरिविजय वाचून मुखोद्गत ठेवत. इतकी तयारी असलेला नट मला तरी इतर रंगभूमीवर क्वचितच दिसतो.

नेरूरच्या कलेश्वर कंपनीचे सुधीर कलिंगण यांना रसिकांनी ‘लोकराजा’ म्हटलं ते याच तयारीसाठी. वडील बाबी कलिंगण नावाजलेले दशावतारी, म्हणजे हा वारसा घरातलाच. 2022 साली सुधीर गेले, तेव्हा सगळा सिंधुदुर्ग हळहळला. ओमप्रकाश चव्हाणांनी स्त्रीभूमिका अशा उभ्या केल्या की पदर सावरण्याची लकबसुद्धा लोक लक्षात ठेवतात. पुरुषानेच स्त्री साकारायची ही इथली रीत, आणि ती निभावायला गळा, चाल, नजर सगळंच लागतं.

पाऊस लागला की जत्रा थांबतात आणि नाटकाच्या मिळकतीलाही खीळ बसते. नटाला मग पुढच्या कार्तिकापर्यंत दुसरं काम पाहावं लागतं.

तेव्हा जत्रेला जाल तर पूर्वरंगातल्या गणपतीपासून बसा, मध्यरात्रीनंतर उठू नका. पद आवडलं तर नटाच्या हातात बक्षीस ठेवा.