ब्रेकमधली हवा

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याने निघाले की तीसेक किलोमीटरवर आमचे पातूर लागते, आणि पातूर सोडले की घाट. त्या घाटातून माझा पुतण्या रोज मोटारसायकलने नोकरीला जातो. यंदा पावसाळ्यानंतर पुढच्या ब्रेकची रबरी नळी तडकलेली दिसली. आम्ही घरीच नवी नळी बसविली, तिच्या बोल्टाला तांब्याचे नवे वॉशर घातले. आणि पाहतो तो लिव्हर थेट मुठीला टेकते!

यात नवल काही नाही. नवी नळी हवेने भरलेली असते. तेल दाबून आकसत नाही, हवा आकसते. त्यामुळे बोटांचा सारा जोर बुडबुडे चेपण्यातच खर्ची पडतो, चकतीपर्यंत पोचत नाही. हवा बाहेर काढलीच पाहिजे. "सलाइन लावण्याआधी नर्सबाई काढतात तशीच की!" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. मला तरी याहून चांगली उपमा सुचली नाही.

काम दोघांचे. कॅलिपरवरच्या हवा काढण्याच्या स्क्रूला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचे. एकाने लिव्हर दोन-चारदा दाबून धरायची, दुसऱ्याने स्क्रू पाव फेरा सैल करून लगेच आवळायचा, आणि मगच लिव्हर सोडायची. हा क्रम चुकला तर बाहेरची हवा उलट आत शिरते. हँडलवरची टाकीही रिकामी होऊ द्यायची नाही; नाहीतर पहिले पाढे पंचावन्न.

नाव ब्रेक ऑइल असले तरी इंजिनाचे तेल येथे चालत नाही. त्याने आतली रबरे फुगतात. टाकीच्या झाकणावर जे लिहिले असेल तेच घालावे, तेही सीलबंद डब्यातले. डॉट ४ ताजे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषते आणि मग ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकात ते उकळले, की नळीत पुन्हा बुडबुडेच! रंगावर सांडले तर रंगही खाते, म्हणून पाण्याची बादली जवळ हवी.

आमची गाडी जुनी, एबीएस नसलेली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. अशा काही गाड्यांची हवा काढायला कंपनीचे यंत्र लागते. तेथे घरच्या पान्याने शहाणपण करू नये.

अर्ध्या तासाने बुडबुडे थांबले. तरी पुतण्या म्हणाला, "काका, लिवर अजून नरमच लागून राह्यली." हवा वर चढते, नळी वरच्या टोकाला जेथे जोडली असते तेथे ती दडून बसते. नळीवर टिचक्या मारल्या, लिव्हर दोरीने मुठीशी आवळून रात्रभर ठेवली आणि सकाळी पुन्हा चार-सहा वेळा स्क्रू उघडला. एक मोठा बुडबुडा निघाला. लिव्हर दोन बोटांवर कठीण अडली. जोर देऊन धरली तरी हळूहळू खचत नव्हती, आणि जोडांवर तेलाचा थेंब नव्हता.

मग गल्लीत, सायकलीच्या वेगाने, दहा वेळा ब्रेक दाबून पाहिला. घाट दुसऱ्या दिवशी.