यंत्र आधी पोहोचते, भाषा मागाहून

सुमारे दहा वर्षांपूर्वी, सेवेच्या अखेरच्या टप्प्यात, बंगाल-झारखंड सीमेलगतच्या एका प्राथमिक शाळेच्या तपासणीसाठी मी गेलो होतो. शाळेत नुकताच प्रोजेक्टर बसविला होता आणि तो मला दाखविण्याची सर्वांना घाई झाली होती. पहिलीचा वर्ग संथाळ मुलांचा होता. ध्वनिमुद्रित पाठ मात्र बांगला भाषेत होता. पडद्यावर झाडाचे चित्र येताच पुढच्या ओळीतील एक मुलगी उत्साहाने म्हणाली, ‘दारे!’ संथाळीत झाडाला दारे म्हणतात. यंत्रातील आवाजाने क्षणभर थांबून उत्तर सांगितले, ‘गाछ’. शिक्षकांनीही नकारार्थी मान हलविली. त्यानंतर आणखी कितीतरी चित्रे आली. ती मुलगी पुन्हा बोलली नाही.

शेरेबुकात मी ‘समाधानकारक’ असे लिहून स्वाक्षरी केली. वीज होती, उपकरण चालू होते, हजेरीही चांगली होती. माझ्या तपासणी तक्त्यात याहून अधिक रकाने नव्हते.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, तरी या प्रसंगामागे असलेली परंपरा माझ्या ध्यानात उशिरा आली. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा तो प्रयोग त्या काळी जगाच्या कौतुकाचा विषय होता. कार्यक्रम मात्र हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड या चारच भाषांत होते. पुढे १९८४ मध्ये शाळांत संगणक नेण्याची योजना आली, २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला आणि २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हा मंच सुरू झाला. आज पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलसमोर धरला की त्या धड्याची चित्रफीत उघडते. ही प्रगती खरीच आहे. परंतु दर वेळी यंत्र आधी गेले आणि मुलाची भाषा मागाहून, तीही अनेकदा वाट चुकत, गेली.

संथाळीचेच उदाहरण पाहावे. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये तिच्यासाठी ‘ओल चिकी’ ही तीस अक्षरांची लिपी घडविली. २००३ मधील ९२व्या घटनादुरुस्तीने संथाळी आठव्या अनुसूचीत आली. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या ७० लाखांहून अधिक भरली. तरीही युनिकोड या जागतिक संगणकीय प्रमाणात ओल चिकीला स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तोपर्यंत एका संगणकावर टंकलेला संथाळी मजकूर तोच फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडला, की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. अनुसूचीतील भाषेची ही कथा. अनुसूचीबाहेरच्या हो, मुंडारी किंवा कुई भाषकांची प्रतीक्षा याहून दीर्घ आहे.

घटनेच्या अनुच्छेद ३५०-क ने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा निर्देश १९५६ पासून दिलेला आहे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या १०० मुलांपैकी जेमतेम २३ मुले दुसरीचा मजकूर वाचू शकतात. याची कारणे अनेक आहेत. पण जे मूल शाळेत पाऊल टाकताच परक्या भाषेच्या आवारात शिरते, त्याची वाट सर्वांत खडतर असते.

म्हणून यंत्रे नकोत, असा निष्कर्ष मी काढत नाही. उलट, छोट्या भाषांना या साधनांचा लाभ सर्वाधिक आहे. काही हजार मुलांसाठी पुस्तक छापणे सरकारी हिशेबात परवडत नाही; तेच पुस्तक डिजिटल रूपात तयार करून हवे तेवढे छापता येते. गावातील आजीची गोष्ट साध्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकविता येते. त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. बाहेरगावहून आलेल्या शिक्षकाला मुलांची भाषा शिकण्यासही हेच साधन उपयोगी पडेल.

क्रम मात्र पाळला पाहिजे. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळविणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या कार्याची जी नोंद पारितोषिकाच्या वेळी झाली, तिचे मर्म यातच आहे. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे त्यांनी ओळखले, पुस्तके त्या भाषेत आणली आणि त्यांना क्यूआर कोडची जोड दिली. कौतुक बहुतेकांनी कोडचे केले. खरा धडा भाषेचा होता. ओडिशाने २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षणाचा जो कार्यक्रम आरंभिला, त्याचाही पाया यंत्र नव्हता. मुलांच्या भाषेतील पुस्तके आणि ती भाषा बोलणारे शिक्षक हाच होता.

आज माझ्या हाती तो तपासणी तक्ता पुन्हा आला, तर मी त्यात दोनच रकाने वाढवीन. या वर्गातील मुले घरी कोणती भाषा बोलतात? आणि उपकरण ती भाषा बोलते काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर खरेदीच्या कागदावर स्वाक्षरी होऊ नये. माझी स्वाक्षरी त्या शेरेबुकात अजून असेल. ती मुलगी आता सोळा-सतरा वर्षांची झाली असेल. झाडाचे नाव तिला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते यंत्राला, शाळेला आणि मला.