भिलाईतील नव्या विद्यार्थ्यांची फी आणि बिले: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रवेशाच्या वेळी भरायची रक्कम एकच दिसली, तरी तिच्यात शिक्षणशुल्क, परीक्षाशुल्क, अनामत, वसतिगृह आणि मेस असे वेगवेगळे भाग असतात. प्रत्येकाची मुदत, सवलत आणि परताव्याचा नियम वेगळा. 2016 मध्ये सुरू झालेली भिलाईची आयआयटी असो की 2005 मध्ये स्थापन झालेल्या छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय, हे भाग सुटे करून पाहिले की बरेच गैरसमज दूर होतात.

गैरसमज: फीमाफी मिळाली की काहीच भरावे लागत नाही.
वस्तुस्थिती: माफी शिक्षणशुल्कापुरती असते. आयआयटीत बी.टेक.चे शिक्षणशुल्क वर्षाला 2 लाख, म्हणजे सत्राला 1 लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला 1 लाखापेक्षा कमी आहे त्यांना ते पूर्ण माफ होते. उत्पन्न 1 ते 5 लाख असल्यास दोन-तृतीयांश माफी मिळते आणि सत्राला सुमारे 33,333 रुपये उरतात. मेस आणि इतर शुल्काची तरतूद वेगळी करावी लागते.

गैरसमज: ज्या राज्यात शिक्षण, त्याच राज्याची शिष्यवृत्ती.
वस्तुस्थिती: अनुसूचित जातींसाठीची केंद्रपुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी मूळ ज्या राज्याचा रहिवासी आहे, ते राज्य देते. गोंदियाचा विद्यार्थी भिलाईत शिकत असला, तरी त्याचा अर्ज महाराष्ट्राकडेच जातो. उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे अडकतात, म्हणून ते काम अर्जाआधीच उरकावे.

गैरसमज: शैक्षणिक कर्जावर नोकरी लागेपर्यंत व्याज नसते.
वस्तुस्थिती: हप्ते थांबलेले असतात, व्याज थांबत नाही. 4 लाखांच्या कर्जावर 10 टक्के दराने वर्षाला 40,000 रुपये सरळव्याज होते. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण किंवा हमीदाराशिवाय कर्ज मिळते. 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत 3 टक्के व्याजसवलत आहे.

गैरसमज: एकदा भरलेली फी परत मिळत नाही.
वस्तुस्थिती: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या 15 दिवस वा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत मिळते, प्रक्रियाशुल्क म्हणून फीच्या 5 टक्के, पण जास्तीत जास्त 5,000 रुपये कापता येतात. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत 90 टक्के, पुढच्या 15 दिवसांत 80 टक्के आणि तिसाव्या दिवसापर्यंत 50 टक्के परतावा आहे. त्यापुढे फी परत मिळत नाही, अनामत मात्र पूर्ण परत मिळते. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही.

गैरसमज: खात्यातून पैसे गेले म्हणजे फी भरली.
वस्तुस्थिती: पावती निघाली तरच फी भरली. यूपीआयने दिलेले पैसे अडकल्यास रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या आदेशानुसार दुकानदार किंवा संस्थेला केलेल्या व्यवहारात ते पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई लागू होते. व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि दुसऱ्यांदा पैसे भरण्यापूर्वी लेखा विभागात चौकशी करावी.

गैरसमज: खासगी वसतिगृहाच्या भाड्यावर जीएसटी लागतोच.
वस्तुस्थिती: जून 2024 मध्ये जीएसटी परिषदेने केलेल्या शिफारशीनंतर माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंतचे भाडे करमुक्त झाले, मुक्काम सलग 90 दिवसांचा हवा.

गैरसमज: खोलीचे वीजबिल घरमालक सांगेल तेवढेच.
वस्तुस्थिती: राहायला जाताना सबमीटरचे रीडिंग आणि युनिटचा दर भाडेकरारात लिहून घेता येतो. मग दर महिन्याला आधीचे रीडिंग वजा करून त्या दराने गुणले की बिल स्वतःला पडताळता येते.