तिकीट दिल्लीचे, शिक्का गावाचा

1950 साली जपानमधल्या माइनिची या दैनिकाने देशातल्या प्रेक्षणीय स्थळांसाठी वाचकांची मते मागवली. डोंगर, सरोवर, धबधबा, नदी, पठार, दरी, समुद्रकिनारा, गरम पाण्याचे झरे, शहर आणि वास्तू असे दहा गट होते. टपाल खात्याने या कौलाच्या आधारे 1951 ते 1953 या काळात तिकिटांची मालिका काढली. दर गटाला दोन तिकिटे. सरोवरांत मान मिळायचा तो बिवालाच, असे बाहेरच्या माणसाला वाटेल, कारण जपानमधले सर्वांत मोठे सरोवर तेच. तिकिटांवर आली मात्र गुनमा प्रांताच्या डोंगरांतली सुगेनुमा आणि मारुनुमा ही तळी. डोंगरांतही फुजी नव्हे, झाओ. जपानची निसर्गदृश्यांची तिकिटे जमवणारे लोक त्यांच्या छपाईचे आणि रंगांचे कौतुक करतात. ते रास्तच आहे. पण या तिकिटांचे खरे वेगळेपण त्यांवरचे दृश्य कोणी निवडले यात आहे, आणि विदर्भातल्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याला त्यातून काही घेण्यासारखे आहे ते याच बाजूने.

सुरुवात अर्थात वरूनच झाली होती. 1936 मध्ये फुजी-हाकोने राष्ट्रीय उद्यानाची चार तिकिटे निघाली, तेव्हा दृश्य सरकारने ठरवले आणि ते सगळ्यांच्या ओळखीचे होते. 1958 पासून आंतरराष्ट्रीय पत्रलेखन सप्ताहासाठी चित्रकार हिरोशिगेची तोकाइदो या जुन्या मार्गावरची चित्रे तिकिटांवर येऊ लागली: क्योतो, कुवाना, कानबारा, हाकोने, निहोनबाशी. तीही अभिजात, जगाला आधीच माहीत असलेली. वळण आले 1989 मध्ये. त्या वर्षी ‘फुरुसातो’ म्हणजे आपल्या गावाकडची, या नावाने प्रांतोप्रांतीची तिकिटे सुरू झाली. ती मुख्यतः त्या त्या भागातल्या कचेऱ्यांत विकली जात, चालत मात्र देशभर. पहिल्याच वर्षी त्यांवर नागानोच्या गरम कुंडात डुंबणारी माकडे आली, यामागाताची चेरी आली. या दोन्हींवर राजवाडा नाही की पुराणवास्तू नाही. त्या प्रांतातल्या माणसाला घर म्हटले की जे आठवते ते. प्रवाशाने काय पाहावे हे इथे यजमान सांगतो आहे.

आपल्याकडे 15 ऑगस्ट 1949 रोजी निघालेली पुरातत्त्व मालिका याच्या शेजारी ठेवून पाहावी. तीन पैपासून पंधरा रुपयांपर्यंत सोळा तिकिटे. आजच्या महाराष्ट्रातली दोन ठिकाणे त्यांत आहेत: अजिंठा, जो तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि घारापुरीची त्रिमूर्ती. विदर्भातले एकही नाही. त्याआधी 1935 च्या रौप्यमहोत्सवी मालिकेत अर्ध्या आण्याच्या तिकिटावर गेटवे ऑफ इंडिया होते. पुढे 1984 मध्ये किल्ल्यांवरची चार तिकिटे आली, त्यांत महाराष्ट्राचा सिंहगड. या निवडींना नावे ठेवण्यात अर्थ नाही. नव्या राष्ट्राला आपली प्राचीनता जगापुढे मांडायची होती आणि सांची किंवा कोणार्क वगळून ती मांडता आली नसती. पण पद्धत तिथेच रुजली. विषयांचा निर्णय दिल्लीत, सल्लागार समितीच्या शिफारशीवर, लाखोंनी छपाई, आणि निकष राष्ट्रीय महत्त्वाचा. (पिढ्यान्‌पिढ्या ही छपाई नाशिकच्या प्रेसने केली, म्हणजे कागद-शाई आपल्या दारची आणि निवड मात्र दूरची.) राष्ट्रीय महत्त्वाच्या चाळणीतून जे खाली गळते, त्यात बहुतेक जिल्हे येतात.

भंडारा गळतो तो कुरूप म्हणून नव्हे, तर त्याचे सौंदर्य सुट्या चौकटीत मावणारे नाही म्हणून. हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, पण इथला तलाव म्हणजे कोणी आरस्पानी सरोवर नव्हे. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाच्या माणसांनी उताराचा अंदाज घेऊन मातीच्या पाळी बांधल्या, पाणी अडवले, त्याखाली धान पिकवले. लहान असेल तर बोडी, मोठा असेल तर तलाव. पुढे त्यांची मालकी मालगुजारांकडे राहिली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी’ असे नाव घेऊन आले. लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ करून टाकले. अशा तलावाचे चित्र काढायचे तर पाळ, सांडवा, बांधी, ढिवर मासेमारांची जाळी हे सगळे एकत्र यावे लागते. नुसते पाणी दाखवले तर ते कुठलेही पाणी ठरते. पवनीचेही तेच. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा मोठ्या स्तूपाचे अवशेष आणि नागराज मुचलिंदाचे शिल्प असलेला स्तंभ मिळाला. अभ्यासकांच्या दृष्टीने ही विदर्भातली अत्यंत मोलाची जागा. पण सांचीसारखा उभा घुमट तिथे नाही, त्यामुळे छायाचित्रकाराला ती फक्त टेकडी दिसते.

मग भंडाऱ्याच्या संग्राहकाने दिल्लीकडे तिकिटाचा अर्ज करत बसावे काय? करावा, पण त्याहून हाताशी असलेली गोष्ट म्हणजे शिक्का. जपानमध्ये दृश्यचित्रांच्या तिकिटांना समांतर अशी दृश्यशिक्क्यांची परंपरा आहे. त्यांना ‘फूकेइ-इन’ म्हणतात. 1931 मध्ये फुजी पर्वताच्या टपाल कचेऱ्यांपासून ती सुरू झाली. युद्धकाळात खंड पडला, नंतर ती पुन्हा वाढली आणि आज हजारो कचेऱ्यांत असे शिक्के आहेत. शाई काळी नसते, ‘तोबी-इरो’ असते, म्हणजे घारीच्या पिसांचा तांबूस तपकिरी रंग. छत्तीस मिलिमीटरच्या आसपासच्या वर्तुळात कचेरीचे नाव, तारीख आणि परिसरातले काहीतरी: एखादा पूल, देऊळ, फळ, मासा. देशभर विकल्या जाणाऱ्या तिकिटावर जे येऊ शकत नाही, ते त्या गावच्या शिक्क्यात येते. तिकीट कुठूनही मिळते. शिक्क्यासाठी त्या कचेरीच्या खिडकीपाशी जावे लागते किंवा तिथे पत्र पाठवून मागवावा लागतो. प्रवासदृश्य हा शब्द त्यालाच खरा शोभतो.

आपल्या टपाल खात्यातही याची सोय आहे. पर्यटनाच्या, तीर्थाच्या वा इतिहासाच्या ठिकाणी कायमस्वरूपी सचित्र शिक्का ठेवता येतो, आणि विशेष पाकिटे परिमंडळाच्या पातळीवर काढता येतात. त्यासाठी नव्या तिकिटाची वाट पाहावी लागत नाही. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला किंवा करवतकाठी वस्त्रांना भौगोलिक मानांकन आहे. त्यांच्यासाठी पाकीट योग्यच. पण पाकीट एकदा निघते आणि संपते. शिक्का रोज मारला जातो. पवनी, तुमसर, साकोली इथल्या कचेऱ्यांना आपापले चित्र असावे, ही मागणी तिकिटाच्या मागणीपेक्षा स्वस्त आहे आणि नेमकीही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: आता पत्रे लिहितो कोण? कोणी नाही, हे खरे. पण जपानमधला दृश्यशिक्कासुद्धा पत्रव्यवहारावर जगलेला नाही. पोस्टकार्डाच्या दराचे, म्हणजे ऑक्टोबर 2024 पासून 85 येनचे, तिकीट कागदावर चिकटवून खिडकीवर दिले की शिक्का मिळतो. पत्र टाकलेच पाहिजे असे नाही. आपले पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांत मिळते. छंद म्हणून याहून गरिबाला परवडणारा दुसरा क्वचितच सापडेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गावोगावच्या अभिमानाला वाट करून दिली की तिकिटांचा पूर येतो. फुरुसातो तिकिटे शेकड्यांनी निघाली, आणि जपानी तिकिटे आज सवलतीच्या दुकानांत दर्शनी किमतीहून कमी दरानेही मिळतात. शिवाय 1950 च्या मतदानासारखा कौल म्हणजे ज्याची संघटना मोठी त्याचा डोंगर सुंदर, असेही होऊ शकते. हे सगळे मान्य करूनही प्रश्न उरतो की किंमत पडली म्हणून नेमके काय पडले? गुंतवणूक म्हणून तिकिटे घेणाऱ्याचे नुकसान झाले. गुनमाची तळी ज्याला त्या तिकिटांमुळे कळली, त्याचे काहीच गेले नाही. पुराची भीतीही तिकिटाला लागू आहे, शिक्क्याला नाही. शिक्का छापून साठवता येत नाही, तो त्या दिवशी त्या खिडकीवरच उमटतो.

शिक्क्याची आणखी एक उपयुक्तता तिकिटात नाही: तो बदलत्या सीमांचा साक्षीदार असतो. भंडारा मध्यप्रांतात होता, मग मध्य प्रदेशात, 1956 पासून मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाला आणि नागझिरा, नवेगावबांध तिकडे गेले. जुनी प्रवासवर्णने अजूनही त्यांना भंडाऱ्यातच ठेवतात. त्याआधीच्या पत्रावर गोंदियाच्या पुढे ‘जि. भंडारा’ लिहिलेले असे. पत्ता, कचेरीचे नाव आणि तारीख असलेले असे साधे पाकीट भूगोलाबद्दल जे सांगते, ते कोऱ्या, चकचकीत तिकिटाला सांगता येत नाही. तिकीट सोडवून घेऊन पाकीट फेकून देण्याची आपल्याकडची बालपणापासूनची सवय या दृष्टीने फार महागात पडली आहे.

राहता राहिला जपानशी या जिल्ह्याचा संबंध, आणि तो ओढून आणलेला नाही. पवनी तालुक्यात रुयाड-सिंदपुरीला महासमाधी भूमी हा स्तूप उभा आहे. तो उभारण्यात पुढाकार घेणारे भदंत संघरत्न माणके हिएई पर्वतावरच्या तेंदाई बौद्ध परंपरेत शिकले. हिएई पर्वत बिवा सरोवराच्या काठावर आहे, आणि 1950 च्या कौलात हुकलेल्या बिवाला 1961 मध्ये निसर्गोद्यानांच्या मालिकेतून तिकीट मिळाले. जिल्ह्यातल्या कोणा संग्राहकाला अल्बमचे पान लावायचे असेल तर डावीकडे ते बिवाचे तिकीट लावावे आणि उजवीकडे पन्नास पैशांचे पोस्टकार्ड, पवनी कचेरीच्या साध्या तारीख-शिक्क्यासह. त्या शिक्क्यात आज नाव आहे, तारीख आहे. चित्राची जागा अजून मोकळी आहे.