तान्हेल्यास पाणी : पाणपोईचा धर्म

पुनरुत्थानाचा सण साजरा होतो न होतो तोच आपल्याकडे वैशाखवणवा पेटू लागतो. घरात पंखा, माठ आणि नळ असलेल्या आपणांसही उकाडा असह्य होतो. मग पुलाखाली वा पदपथावर दिवस काढणाऱ्यांचे काय होत असेल? २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे १७.७ लाख बेघर व्यक्तींची नोंद झाली होती.

शरीर थंड होते ते घाम सुकल्यामुळे. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही. म्हणूनच उष्णतेची लाट जाहीर करताना हवामान खाते मैदानी प्रदेशात किमान ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश सेल्सिअस तापमान विचारात घेते. अशा वेळी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे लागते. परंतु बेघरांना पाणी विकत घ्यावे लागते किंवा कोणाच्या दारी मागावे लागते. शिवाय जवळ शौचालय नसल्याने अनेक स्त्रिया मुद्दाम कमी पाणी पितात, हे आपल्या ध्यानी येत नाही.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला तान्हेल्यांशी एकरूप करतो. याकोबाच्या विहिरीवर तर तो स्वतःच शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. तान्हेल्यास पाणी देणे हे ख्रिस्तसभेने सांगितलेल्या सात शारीरिक दयाकृत्यांपैकी एक आहे. मात्र ही केवळ दया नव्हे. शुद्ध पिण्याचे पाणी मिळणे हा मूलभूत मानवी हक्क आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयानेही डिसेंबर २०१४ मध्ये अनधिकृत झोपड्यांतील रहिवाशांच्या संदर्भात पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला.

आपल्या पूर्वजांनी हे पाणपोईच्या रूपाने जाणले होते. पाणपोईचे मोठेपण असे की तेथे कोणाला हात पसरावा लागत नाही. एखाद्या दिवशी बाटल्या वाटून छायाचित्र काढण्यापेक्षा चर्चच्या फाटकाबाहेर, सावलीत, पावसाळा लागेपर्यंत रोज भरलेला एक माठ अधिक मोलाचा आहे. माठ झाकलेला व तोटीचा असावा, रोज घासून धुवावा आणि पाणी उकळलेले वा गाळून शुद्ध केलेले असावे. रिकामी बाटली भरून नेण्याची मुभा असावी. शक्य तेथे चर्चच्या आवारातील शौचालयही दिवसा खुले ठेवावे.

थकलेल्या व्यक्तीस क्षारसंजीवनी द्यावी. पुडी नसल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा. अंग तापलेले असून व्यक्ती असंबद्ध बोलत असेल किंवा बेशुद्ध पडली असेल, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी तिला सावलीत न्यावे, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

प्रत्येक धर्मग्रामातील तरुण व महिला मंडळांनी आठवड्याचे वार वाटून घेतले, तर हे काम कोणा एकावर पडणार नाही. माठ भरताना समोरच्या माणसाचे नाव विचारण्यास मात्र आपण विसरू नये. तहान पाण्याची असते, तशी माणुसकीचीही असते.