खटल्यात गेलेली उमर

१९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर कशातच मन न रमल्याने गावी परततो. खानदेशातल्या त्या पोराच्या तुटलेपणावर मराठीत आजवर भरभरून लिहिलं गेलं. तसंच तुटलेपण उर्दू शाळेतून शिकून, पदवी घेऊन रिकाम्या बसलेल्या पोराच्या वाट्याला आलं, तेव्हा त्याची नोंद पोलिसांच्या फायलीत झाली. हा फरक मला अजूनही बोचतो.

आमच्या चाळीसगाव जंक्शनवरून एकीकडे भुसावळ, दुसरीकडे मनमाड-नाशिक. फाट्याची गाडी धुळ्याला जाते, मालेगाव तर सडकेनं जवळच. गेल्या तीस वर्षांत दहशतवादाच्या खटल्यांत गाजलेली बरीचशी नावं आमच्या गावाच्या चौफेर आहेत.

सुरुवात भुसावळपासून करायला हवी. २८ मे १९९४ रोजी अकरा मुसलमानांना ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. बाबरी मशीद पडून दीड वर्ष झालं होतं. तिचा बदला घेण्यासाठी भुसावळात संघटना उभारून प्रशिक्षण घेतलं, असा आरोप होता. टाडात पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाबही पुरावा म्हणून चालत असे. हा कायदा १९९५ मध्ये संपला. खटला मात्र २०१९ पर्यंत चालला. २७ फेब्रुवारीला नाशिकच्या विशेष न्यायालयानं सगळ्या अकरा जणांना निर्दोष सोडलं. पुरावा नव्हता आणि टाडाच्या स्वतःच्याच तरतुदी पाळल्या गेल्या नव्हत्या. अशा खटल्यात जामीन मिळाला तरी माणूस सुटत नाही. तारखेला रजा टाकायची, पासपोर्टचा अर्ज अडकायचा, सोयरिकीची बोलणी पुढे सरकली की कुणीतरी हळूच ‘ती केस’ काढायचं. पंचविशीत आत गेलेला माणूस पन्नाशीला निर्दोष ठरतो, तोवर संसाराची उमर निघून गेलेली असते.

भीती सगळीच पोकळ होती, असं मी म्हणणार नाही. १९७७ मध्ये अलीगढला निघालेल्या ‘सिमी’ या मुसलमान विद्यार्थी संघटनेची भाषा नव्वदच्या दशकात कडवी होत गेली. २००६ च्या मे महिन्यात चांदवड-मनमाड रस्त्यावर पाठलाग करून दहशतवादविरोधी पथकानं (एटीएस) आरडीएक्स आणि एके-४७ पकडल्या. त्या खटल्यात २०१६ साली बारा जण दोषी ठरले. तो साठा खराच होता.

पण जाळं टाकताना कोण सापडतंय, हे पाहिलं गेलं नाही. सप्टेंबर २००१ मध्ये सिमीवर बंदी आली आणि डिसेंबरात सुरतेत शिक्षणावरच्या परिसंवादाला जमलेल्या १२७ जणांना सिमीचे म्हणून पकडलं. २०२१ च्या मार्चमध्ये ते निर्दोष ठरले. काही जण तोवर वारले होते. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला शब-ए-बारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले मुसलमान, पकडले गेलेले नऊ जणही मुसलमान; २०१६ मध्ये त्यांना आरोपमुक्त केलं. मुंबईच्या लोकल स्फोटांत जळगावच्या एका तरुणाला फाशी सुनावली गेली होती. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं त्याच्यासह बाराही जणांची शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. त्याच महिन्याच्या शेवटी मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी, हे हिंदू, सुटले. मालेगावच्या दोन्ही स्फोटांत माणसं खरोखर मेली, आणि त्यांना कुणी मारलं हे अजून कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही.

मधल्या काळात कल्याणचे चार तरुण २०१४ मध्ये इसिसमध्ये सामील व्हायला इराककडे गेले आणि पोलिसांची रीत थोडी बदलली. एटीएस वाट चुकलेल्या पोरांच्या घरच्यांना बोलावून समजावू लागली. अटकेपेक्षा हे शतपटीनं बरं. पण तोवर मोहल्ल्यांमधली जमण्याची सवयच मोडली होती. आज कुठे स्फोट झाला की आई आधी पोराचा मोबाइल तपासते, बाप म्हणतो कुठल्या ग्रुपात राहू नको. रागावलेल्या पोराला वाद घालायला वडीलधारी माणूस लागतो, वाचनालयाचं बाकडं लागतं. भीतीनं तेच काढून घेतलं आणि राग एकट्याच्या पडद्यावर नेऊन सोडला.

चुकीच्या खटल्यांत भरडलेल्यांना सरकारनं भरपाई द्यावी, असा कायदा करण्याची शिफारस विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात केली. त्यानंतर सहा महिन्यांत भुसावळ खटल्यातले अकरा जण सुटले. भरपाईचा तो कायदा अजून झालेला नाही.